एफडी मोडून ‘मिसप्रिंट’ नोटा घ्याव्यात का?

सातपूरच्या एका ताईंचा प्रश्न: ओळखीतला एक जण दोन ‘मिसप्रिंट’ नोटा (छपाईत चूक झालेल्या, म्हणून संग्राहक जादा भावाने घेतात अशा) मिळून १८,००० रुपयांना देतोय. एक ५००ची, कोपऱ्याला जादा कागद आणि त्यालगत तिरका कोरा पट्टा असलेली. दुसरी १००ची, गांधीजींचं चित्र जवळजवळ गेलेलं. त्याचे काका नाशिक रोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये होते म्हणे. एफडी मोडू का?

ताई, एफडीला हात लावू नका. तिमाही चक्रवाढीने ७ टक्के धरले, तरी १८,००० चे ५ वर्षांत सुमारे २५,४७० होतात. नोटांवर तेवढे सुटायचे तर संग्रहाच्या नोटा घेणाऱ्या डीलरने किमान तेवढा भाव द्यायला हवा, आणि तो स्वतःचं मार्जिन काढूनच भाव देतो.

१००ची नोट तर सोडूनच द्या. गांधीजींचं चित्र आणि अशोकस्तंभ उठावाच्या छपाईत उमटतात. चित्राच्या मागची-आजूबाजूची बारीक नक्षी त्याआधी वेगळ्या छपाईत झालेली असते. प्रेसमध्ये उठावाची शाई कमी पडली तरी ती नक्षी ताजीच राहते. चित्राशेजारच्या रेघाही विटल्या असतील तर नोट धुतली आहे किंवा तिला केमिकल लावलं आहे. खात्रीसाठी यूव्ही टॉर्च मारा. नोटेचा कागद मुळात चमकत नाही, पण कपडे धुण्याच्या पावडरीत भिजला की निळसर चमकतो. वर, मुद्दाम बिघडवलेल्या नोटेचा दावा बँक नाकारू शकते, म्हणजे तिचे १०० रुपयेही धोक्यात.

५००ची मात्र नीट बघण्यासारखी आहे. शीट (अनेक नोटा एकत्र छापायचा मोठा कागद) दुमडलेली असताना छपाई आणि मग कटिंग झालं, तर अशी नोट निघते. घडी उलगडून भिंगाखाली धरा: शाई घडीच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखी थांबायला हवी. नक्षी हळूहळू फिकी होत गेली असेल तर ती खोडलेली आहे. नंतर नोट उजेडासमोर धरा. जादा कोपरा मूळ कागदाशी सलग हवा. जोडावर गडद रेघ किंवा दुहेरी जाडी दिसली तर तो चिकटवलेला आहे. मापही घ्या. नेहमीची नोट ६६ बाय १५० मिमी असते, त्यामुळे खऱ्या घडीच्या नोटेला एका कोपऱ्यात त्याबाहेर कागद हवाच. ‘मिसकट’ (प्रेसमध्ये चुकीच्या कापल्या गेलेल्या) म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ नोटा घरच्या कात्रीने छाटलेल्या असतात. त्या मापात भरत नाहीत आणि कडेला शेजारच्या नोटेची छपाईही दिसत नाही.

काकांची गोष्ट ऐकून तर मला जास्तच काळजी वाटते. प्रेसमधला माल रिझर्व्ह बँकेकडेच जातो. दुसऱ्या वाटेने बाहेर आलेली नोट म्हणजे चोरीचा माल, आणि तो माहीत असून विकत घेणं हाही गुन्हा. नोट बँकेच्या बंडलातून आली असेल तरच पुढे बोला. स्टार नंबर (नंबरात * ही खूण) दाखवून कुणी भाव वाढवत असेल तर भुलू नका. खराब छापलेल्या नोटेच्या जागी प्रेस स्वतःच अशी स्टारची नोट बंडलात घालते.

५००ची नोट या सगळ्यात टिकली, तर विक्रेत्याला सोबत घेऊन दोन वेगवेगळ्या डीलरकडे जा आणि ‘ही आज तुम्ही कितीला घ्याल?’ एवढंच विचारा. दोघांत जो भाव कमी, त्याच्या वर जाऊ नका, आणि पैसे महिन्याच्या शिलकीतूनच द्या. घेतलीत तर इस्त्री किंवा लॅमिनेशन करू नका, घडीही सपाट करू नका. पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात ठेवा.