सासूबाईंच्या निळ्या प्लेट्स भिंतीवर लावू का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नुकतेच नवीन टू बीएचकेमध्ये शिफ्ट झालोय. सासूबाईंनी जपलेल्या निळ्या-पांढऱ्या प्लेट्स माझ्याकडे आल्यात, त्यावर वाकलेलं झाड, पूल आणि वर दोन पक्षी असतात ना, तेच डिझाईन. शिवाय आईकडचा गुलाबांचा कपबशीचा सेट आणि जयपूरहून आणलेले ब्ल्यू पॉटरीचे बाऊल. सगळं हॉलमध्ये मांडायचं खूप मनात आहे, पण मिस्टर म्हणतात एवढी नक्षी एकदम दिसली की भांड्यांचं दुकान वाटेल, शोकेसमध्येच राहू दे. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बाहेर काढा, अगदी नक्की काढा! शोकेसमध्ये एकावर एक रचून ठेवलेल्या प्लेटची फक्त कड दिसते आणि चित्र कुणालाच दिसत नाही, मग ते जपून काय उपयोग.

तुमच्या प्लेट्स विलो पॅटर्नच्या आहेत. चित्र चिनी वाटतं खरं, पण चिनी भांड्यांवरची नक्षी बघून हे डिझाईन अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये तयार झालं, तिकडच्या स्टॅफर्डशायरमधल्या कारखान्यांनी ते घरोघरी पोचवलं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्याचा छाप पातळ कागदावर घ्यायचा आणि तो कागद एकदा भाजलेल्या प्लेटवर घासून बसवायचा, मग वरून ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा लेप, अशी पद्धत होती. म्हणून जुन्या प्लेटची किनार बोट फिरवत नीट बघा, कुठेतरी नक्षीचा जोड सापडेल, तिथे दोन टोकं अगदी तंतोतंत जुळत नाहीत. असा जोड दिसला तर छाप हाताने बसवलाय, त्या प्लेट्स मध्यभागी लावा. मागचा शिक्काही वाचा, त्यात ‘इंग्लंड’ लिहिलेलं असेल तर प्लेट बहुतेक १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं.

आता मिस्टरांच्या शंकेबद्दल. गर्दी वाटते ती नक्षी जास्त झाल्यामुळे नाही, सगळी नक्षी एकाच मापाची आणि रंगांना एकमेकांशी काही घेणंदेणं नाही, अशा वेळी वाटते. तुमच्याकडे निळा रंग प्लेट्स आणि बाऊल दोन्हीत आहे, तो धागा आयता मिळालाय. तेव्हा भिंतीवर फक्त निळ्या प्लेट्स, खाली कन्सोलवर (भिंतीशी लावायच्या अरुंद टेबलावर) किंवा साइडबोर्डवर बाऊल, आणि गुलाबांचा सेट या भिंतीवर नकोच, तो डायनिंगजवळच्या उघड्या शेल्फवर एकटा ठेवा, तिथे तो जास्त खुलेल.

कन्सोलवरची मांडणी लेयर करायची, म्हणजे वस्तू वाढवायच्या असं नाही, मागे-मध्ये-पुढे असे थर करून मांडणीला खोलपणा आणायचा. मागे स्टँडवर सगळ्यात मोठी प्लेट, तिच्या पुढे थोडी बाजूला एखादी उंच पितळी वस्तू, समई असली तर फारच छान, कारण निळ्या-पांढऱ्यात पितळेचा पिवळा रंग ऊब आणतो, आणि सगळ्यात पुढे एक बसका बाऊल. खाली खणाचा रनर टाका, त्याची नक्षी बारीक असते म्हणून मोठ्या चित्राच्या प्लेटशी भांडत नाही. पण मग सोफ्याच्या उशा प्लेन ठेवा, दोन नक्षींच्या मध्ये डोळ्याला बसायला एक कोरी जागा लागतेच.

गोव्यात चांदोरला मिनेझिस ब्रागांझांचा वाडा आहे, तिथे चिनी पोर्सलिन कोरीव काळपट लाकडाच्या फर्निचरसोबत मांडलेलं बघायला मिळतं. गडद लाकडाशेजारी पांढरं पोर्सलिन किती उठून दिसतं ते तिथे कळतं. तुमच्याकडे शिसवीचं किंवा सागवानी जुनं कपाट, पाट, काहीही असेल तर ते त्याच भिंतीशी आणा.

लावताना घाई करू नका. प्रत्येक प्लेटच्या मापाचे गोल वर्तमानपत्रातून कापा, मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा, दोन दिवस येता-जाता बघा, हलवा, मग ड्रिल. दोन प्लेट्समध्ये दोन-तीन इंच अंतर आणि सोफ्याच्या पाठीपासून सात-आठ इंच वर सुरुवात, म्हणजे डोकं टेकणार नाही. स्प्रिंगचा तारेचा हँगर घेणार असाल तर टोकांना प्लॅस्टिक असलेला घ्या आणि फार ताण देऊन अडकवू नका, जुन्या प्लेटची कड उडते. मागे चिकटवायचे गोल हँगर दिसायला नीटनेटके असतात पण आपल्याकडच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, तिथे मी ते अजिबात लावणार नाही, आतली कोरडी भिंत निवडा आणि गिट्टी मारूनच खिळा बसवा.

आणि एक कळकळीने सांगते, गुलाबांचा सेट जुना असेल आणि बोट फिरवल्यावर फुलं वर उठलेली जाणवत असतील तर तो रंग ग्लेझच्या वर आहे, जुन्या अशा रंगांत शिसं असू शकतं. त्यात लोणचं, चिंच, लिंबू असलं आंबट काही ठेवू नका, शोभेलाच ठेवा. सोनेरी काठाचं काहीच मायक्रोवेव्हमध्ये नको, ठिणग्या उडतात.

प्रश्न : आमचं घर पूर्ण शाकाहारी आहे. डिझाईनचा डिनर सेट घ्यायचाय पण बोन चायनात खरंच हाडं असतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हो, असतात. जनावरांची हाडं जाळून त्यांची राख मातीत मिसळतात, इंग्लिश पद्धतीत तर साधारण निम्मी राखच असते, त्यानेच तो दुधाळ पांढरा रंग आणि पातळपणा येतो. घरात चालत नसेल तर सरळ पोर्सलिन (साधी चिनी माती) किंवा स्टोनवेअर (जाडसर, घट्ट भाजलेली मातीची भांडी) घ्या, त्यात राख नसते आणि नक्षीही हवी तेवढी मिळते. उजेडासमोर धरून आरपार दिसतं का बघा असं दुकानदार सांगतात, पण पातळ पोर्सलिनमधूनही उजेड येतो, त्यामुळे त्यावर विसंबू नका. प्लेट उलटी करा, मागे काय छापलंय ते वाचा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर बिलावर ‘पोर्सलिन’ असं लिहून घ्या.