पगार १०० धरला तर

प्रश्न थोडक्यात असा. वाचक ३७ वर्षांच्या आहेत. बारा वर्षं वॉर्डात नर्स होत्या. दोन वर्षांपूर्वी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टर म्हणून लागल्या. काम जमलं, पण मन रमतं ते दुसरीकडे: नव्या लोकांना शिकवण्यात, सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांशेजारी बसून त्यांची अडचण समजून घेण्यात, दोन टीममधली भांडणं सोडवण्यात. आता दोन वाटा समोर आहेत. एक, नोकरी सोडून युजर रिसर्चचा, म्हणजे लोक सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कसं वापरतात हे अभ्यासण्याचा, वर्षभराचा पूर्णवेळ कोर्स करायचा. त्याची फी त्यांच्या चौदा पगारांएवढी आहे आणि ती निवृत्तीसाठी साठवलेल्या पैशांतून भरायची. दोन, कंपनीतच ग्राहकांच्या ऑनबोर्डिंगचं, म्हणजे नव्या ग्राहकांना सॉफ्टवेअर शिकवून सुरू करून देण्याचं, काम घ्यायचं. तिथे पगार १२ टक्क्यांनी कमी होतो. उत्तर द्यायला सहा आठवडे आहेत.

नमस्कार.

तुम्ही ‘थेट सांगा’ म्हणालात, म्हणून आधी निकाल सांगतो. कोर्सला माझा नकार आहे. ऑनबोर्डिंगला होकार आहे, पण कंपनीने आज देऊ केलेल्या अटींवर नाही.

आता हिशोब. करांचे नियम जागोजागी वेगळे असतात, म्हणून मी फक्त हातात येणारी रक्कम धरतो आणि तुमचा महिन्याचा पगार १०० मानतो. तुम्ही पाठवलेले आकडे त्या मापात बसवले की चित्र असं दिसतं: यजमानांचा पगार ६०, घरखर्च हप्त्यासकट ११०, महिन्याची शिल्लक ५०. इमर्जन्सी फंड ९९०, म्हणजे नऊ महिन्यांचा खर्च. दीर्घ मुदतीची गुंतवणूक ३,०००. घडी चांगली बसवली आहे तुम्ही. निम्म्याहून जास्त पत्रांत मला आधी हीच घडी बसवून द्यावी लागते.

कोर्सची किंमत तुम्ही १,४०० लिहिली आहे. ती फी झाली, किंमत नव्हे. वर्षभर पगार नाही आणि कोर्स संपल्यावर नोकरी लागायला पाच महिने गेले असं धरलं, तर सतरा महिन्यांचे १,७०० बुडाले. एकूण ३,१००. आजवर जमवलेल्या सगळ्या दीर्घ मुदतीच्या पैशांपेक्षा हा आकडा मोठा आहे. शिवाय त्या सतरा महिन्यांत घरात दर महिन्याला ५० ची तूट येणार, म्हणजे ८५० इमर्जन्सी फंडातून जाणार आणि मागे उरणार १४०. सव्वा महिन्याचा खर्च. मुलाखतींच्या दिवसांत खात्यात सव्वा महिन्याचा खर्च उरलेला माणूस पगारावर घासाघीस करत नाही, मिळेल ते घेतो. याची किंमत कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

बरं, कोर्सनंतर पगार १२५ झाला असं समजू. वरच्या २५ मधून ३,१०० भरून निघायला १२४ महिने लागतात, दहा वर्षांहून जास्त. १४० झाला तरी साडेसहा वर्षं. आणि आहे तिथेच राहिलात तर पगार वाढणारच नाही असं धरून हे गणित केलंय, म्हणजे कोर्सला झुकतं माप देऊन!

निवृत्तीच्या पैशांबद्दल एकच गोष्ट. महागाई वजा जाता गुंतवणूक वर्षाला ३ टक्के वाढली, तर ७२ च्या नियमाने (७२ ला वाढीच्या टक्क्याने भागायचं, येतील तितक्या वर्षांत दुप्पट) रक्कम चोवीस वर्षांत दुप्पट होते. आज काढलेले १,४०० म्हणजे तुमच्या एकसष्टाव्या वर्षी, आजच्याच भावात, २,८०० नसणं. ‘कर्ज नको म्हणून स्वतःचेच पैसे वापरते’ असं तुम्ही लिहिलंय. पण हेही कर्जच आहे, फक्त सावकार एकसष्ट वर्षांच्या तुम्ही आहात आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आता तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग. तुम्ही तो जाता जाता लिहिलात, आकड्यांच्या खाली. एका रुग्णालयात तुम्ही रात्रपाळीला नर्सशेजारी बसलात. औषधाच्या नोंदीचा स्क्रीन काही मिनिटांत आपोआप बंद व्हायचा, म्हणून ती मात्रा आधी हातमोज्यावर पेनाने लिहायची आणि मग पुन्हा लॉगिन करून भरायची. मोजा कचऱ्यात गेला की आकडा गेला. तुमच्या टीमने तो स्क्रीन शंभर वेळा तपासला होता आणि प्रत्येक वेळी तो ‘पास’ झाला होता, कारण तपासणाऱ्याच्या हातात मोजे नव्हते.

अहो, यालाच तर युजर रिसर्च म्हणतात. ज्या कामात शिरायला तुम्ही चौदा पगार मोजायला निघाला आहात, ते तुम्ही एका रात्रीत पगार घेऊन केलंत. ‘एकदा सगळं सोडून आले, आता पुन्हा शून्यापासून?’ असं तुम्ही विचारता. शून्य कुठे आहे? पाळी बदलताना दहा रुग्णांचा हँडओव्हर नेमक्या शब्दांत द्यायचा, घाबरलेल्या नातेवाइकांना खरं पण झेपेल असं सांगायचं, डॉक्टरांची चूक त्यांचा मान राखून दाखवायची, हे बारा वर्षं केलेल्या माणसाला ग्राहक आणि प्रोग्रॅमर यांच्यामध्ये उभं राहायला वेगळं शिकावं लागत नाही. शिकायची ती पद्धत: मुलाखत कशी आखायची, निरीक्षणं कशी मांडायची, आपलंच मत पुढे रेटणारे प्रश्न कसे टाळायचे. ते संध्याकाळच्या छोट्या कोर्समध्ये भागतं.

इथे स्वतःचं सांगतो. मीही क्षेत्र बदलून या सल्ला देण्याच्या कामात आलो आणि सुरुवातीला घाबरून एक महागडं प्रमाणपत्र घेतलं. ते ऑफिसच्या भिंतीवर आहे. आजवर एकाही ग्राहकाने त्याच्याकडे मान वळवून पाहिलेलं नाही. परवाना देणाऱ्या परीक्षेची गोष्ट वेगळी, ती द्यावीच लागते. युजर रिसर्चला असा परवाना लागत नाही. तिथे केलेलं काम दाखवावं लागतं.

तर दुसरी वाट. पगार ८८. दोन वर्षं तो तसाच राहिला तर २८८ कमी मिळाले. संध्याकाळच्या कोर्सला १५० धरा. एकूण ४३८. त्यानंतर पगार १२५ झाला तर हे साडेसतरा महिन्यांत वसूल. आणि या काळात घर तुटीत जात नाही: १४८ येतात, ११० जातात, ३८ उरतात. कोर्सचे महिने थोडे ओढाताणीचे जातील, इतकंच.

पण १२ टक्क्यांची कपात दिसते तेवढी साधी नसते. पुढची प्रत्येक वेतनवाढ ८८ वर मोजली जाईल. म्हणजे आजची तूट मागे लागून राहते, बोनसमध्ये, निवृत्तीच्या वर्गणीत आणि पुढच्या कंपनीने ‘सध्या किती घेता?’ विचारलं की तिथेही. म्हणून कंपनीशी बोलताना पगार वाढवून मागण्यापेक्षा तारीख मागा. बारा महिन्यांनी आढावा, त्यात ठरलेलं काम झालेलं असेल तर पुन्हा १००, आणि हे ऑफर लेटरमध्ये. ‘बघू या, अप्रेझलला करू’ हे तोंडी आश्वासन मी शून्य धरतो. पदनामही लेखी घ्या. ‘सपोर्ट’ आणि ‘रिसर्च’ या दोन शब्दांत दोन वर्षांनी मोठा फरक पडतो, मग काम रोजचं एकच का असेना.

आणखी एक प्रश्न विचारा, जो नवखी मंडळी सहसा विचारत नाहीत: माझा पगार कोणत्या बजेटातून निघणार? तंत्रज्ञानात माणसांच्या कामाचं कौतुक भरपूर होतं. २००१ मध्ये सतरा जणांनी अजाइलचा (सॉफ्टवेअर थोडं थोडं, सतत बदलत बनवण्याच्या पद्धतीचा) जाहीरनामा लिहिला, त्यात पहिल्याच मुद्द्यात प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांच्यातला संवाद वरचढ मानला आहे. ताळेबंदाची मात्र त्यावर सही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकची मालक कंपनी मेटाने ११,००० हून अधिक लोक कमी केले, तेव्हा भरती विभागाला जास्त झळ बसेल हे कंपनीने उघडच सांगितलं होतं. माणसंच कमी घ्यायची, तर घेणारे कशाला? मार्च २०२३ मध्ये आणखी सुमारे १०,००० जणांची कपात जाहीर झाली. त्या वेळी व्यवस्थापनाचे थर कमी करण्यावर भर होता आणि मॅनेजरांना पुन्हा स्वतः हाताने काम करायला सांगण्यात आलं. हे भीती घालायला सांगत नाही. पण माणसांशी संबंधित कामं तेजीत पटकन वाढतात आणि मंदीत आधी छाटली जातात, त्यामुळे त्यातल्या त्यात आडोशाची जागा बघावी. ग्राहकाने करार पुढे चालू ठेवावा म्हणून जे काम होतं, ते उत्पन्नाच्या जवळ असतं. तुमचं ऑनबोर्डिंग तसं असेल तर उत्तम. ‘प्रशिक्षण’ नावाच्या स्वतंत्र खर्चाच्या खात्यात बसवत असतील, तर मी जास्त खोदून विचारेन.

उद्या नोकरी गेलीच तर? तुमचा ९९० चा फंड इथे कामी येतो. दोघांचेही पगार थांबले तर तो नऊ महिने पुरेल. एकट्या तुमचा थांबला तर महिन्याची तूट ५०, म्हणजे जवळपास वीस महिने. एवढी ढाल असताना ८८ वर जाणं हे धाडस नाही. ती ढाल फीच्या वर्षात वितळवणं, हे मात्र धाडस ठरलं असतं.

कोर्स कधी योग्य ठरला असता? कंपनीने फी भरली असती, किंवा तुमच्याकडे वापरकर्त्यांपर्यंत पोचायचा रस्ताच नसता. तुम्हाला तो रोज मिळणार आहे. सॉफ्टवेअर वापरायला किती सोपं आहे याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांना स्क्रीन वापरताना नीट पाहिलं तरी सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. नेमक्या टक्क्यांवर तज्ज्ञांत वाद आहे, तो त्यांना घालू द्या. तुमच्यासाठी मुद्दा असा की पाच नर्स हा आकडा तुमच्या आवाक्यातला आहे. दर तीन महिन्यांना पाच जणींचं निरीक्षण, त्यावर दोन पानं: काय पाहिलं, काय बदललं, बदलल्यावर काय झालं. कंपनीची परवानगी घेऊन, रुग्णांची आणि रुग्णालयांची नावं पूर्ण काढून. दोन वर्षांत आठ नोंदी होतील. मुलाखतीत त्या समोर ठेवा आणि हातमोज्याची गोष्ट आधी सांगा.

दोन बारीक कामं. नर्सिंगच्या नोंदणीला नूतनीकरण लागत असेल तर ते चुकवू नका. इतकी स्वस्त परतीची वाट दुसरी मिळणार नाही. आणि बदलीच्या पत्रात सहा महिन्यांच्या आत टेस्टिंगला परत येता येईल अशी ओळ मागून पाहा. नाही म्हणाले तरी मागितल्याने बिघडत नाही.

यजमानांना ८८ ची काळजी वाटते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांच्याशी तक्त्यावरून वाद घालू नका. सहा आठवड्यांत एक पगार येईलच. तो जमा झाला त्याच दिवशी १२ दुसऱ्या खात्यात टाका, त्या खात्याचं कार्ड घरी ठेवा आणि महिना नेहमीसारखा चालवा. महिनाअखेरीला त्या खात्याला हात लावावा लागला का, लागला तर कशासाठी, तेवढं दोघांनी मिळून मला कळवा.