सेशन टाइप म्हणजे नेमकं काय? चॅनलला, म्हणजे दोन प्रोग्राम ज्यावरून निरोप पाठवतात त्या वाटेला, साधा टाइप दिला तर भागत नाही का?

नाही भागत. 'या चॅनलवरून पूर्णांक जातो' एवढंच साधा टाइप सांगतो. कोणी आधी बोलायचं, किती वेळा, हे त्याला ठाऊक नसतं. दोन्ही प्रोग्राम एकमेकांच्या निरोपाची वाट बघत बसले, तरी कंपायलर (कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) खूश!

सेशन टाइपमध्ये अख्खा संवादच टाइप म्हणून लिहितात. समजा सर्व्हरला दोन आकडे देऊन ते समान आहेत का, हे विचारायचंय. क्लायंटच्या टोकाचा टाइप असा:

!पूर्णांक . !पूर्णांक . ?बूलियन . समाप्त

'!' म्हणजे पाठव, '?' म्हणजे घे, आणि बूलियन म्हणजे हो किंवा नाही असं उत्तर. सर्व्हरच्या टोकाला याचंच उलटं रूप: ?पूर्णांक . ?पूर्णांक . !बूलियन . समाप्त. एक आकडा पाठवला की चॅनलचा टाइप बदलतो, पुढचा उरलेला भागच शिल्लक राहतो. म्हणून दुसरा आकडा विसरून थेट उत्तर वाचायला गेलात तर कोड कंपाइलच होत नाही.

मात्र चॅनलचं टोक नेमकं एकदाच वापरलं जायला हवं, ना जास्त ना कमी; म्हणजे तशी सक्ती करणारे लिनिअर टाइप हवेत. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत जुनं टोक पुन्हा वापरता येत नाही, पण अर्ध्यावर सोडून देता येतं. ती फट राहतेच.

सेशन टाइपची कल्पना संगणकशास्त्रज्ञ कोहेई होंडा यांची, 1993 सालची. दोनापेक्षा जास्त प्रोग्रामांसाठीची आवृत्ती 2008 मध्ये आली. आणि हो, एकाच वेळी अनेक सेशन एकमेकांत गुंतवलीत तर डेडलॉक, म्हणजे सगळेच एकमेकांची वाट बघत अडकून पडणं, अजूनही होऊ शकतो.