गाडी लोअर केली (उंची कमी केली), आता लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबर, परत सेट करावे लागतात का?
हो, करावेच लागतात, पण बुश काढायचे नाहीत, नुसते आर्मचे बोल्ट ढिले करून गाडी चाकांवर उभी असताना परत आवळायचे. बोल्ट आवळला की बुशमधली लोखंडी नळी जाम होते अन् रबर तिला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, नुसतं पिळतं, म्हणजे जुन्या उंचीवर आवळलेलं रबर गाडी खाली बसली की कायम पिळलेलंच राहतं मग आपल्या जालना-बीड साईडच्या खड्ड्यांत लवकर फाटतं. बरेच गॅरेजवाले जॅकवर चाकं लोंबकळत असतानाच आवळून देतात, तसं करू देऊ नका, पिटवर घ्या, बोनेट दाबून गाडी दोन-तीनदा हलवा, मग टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं) आवळा. रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश असतील तर ते बहुतेक नळीवर मोकळे फिरतात, त्यांना हे लागत नाही. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) सगळ्यात शेवटी.