फ्रीजमधलं बीज शिळं असतं का?

लंडनजवळ राहणारं एक मराठी जोडपं काही महिने माझ्याकडे समुपदेशनासाठी ऑनलाइन येत होतं. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. ती ४३ वर्षांची. स्वतःच्या बीजांवर, म्हणजे स्त्रीबीजांवर, तीनदा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) झालेलं आणि तिसऱ्या अपयशानंतर डॉक्टरांनीच डोनरचा, म्हणजे दुसऱ्या बाईने दिलेली बीजं घेण्याचा, विषय काढलेला. ब्रिटनमध्ये भारतीय वंशाच्या डोनर मोजक्याच मिळतात. भारतात यायचं तर, तिच्या शब्दांत, "पुण्यात उतरलं की चार घरी जेवायला जावं लागतं, आणि चौथ्या घरापर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं." म्हणून स्पेन ठरलं. गाडी अडली ती एकाच ठिकाणी: डोनरची बीजं ताजी घ्यायची की गोठवलेली?

तिने एक्सेलमध्ये मोठा तक्ता केला होता. खर्च, विमानं, सुट्ट्या, सगळं रंगवून. तो दाखवून झाल्यावर ती जरा थांबली. "ताई, खरं सांगू का? मला ते फ्रीजमधलं नकोय. आमच्याकडे आई सकाळची भाजी रात्री वाढत नसे."

हसू आलं, पण मी हसले नाही. हाच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या कपड्यांत येत असतो. कुणी 'क्वालिटी' म्हणतं, कुणी 'नॅचरल' म्हणतं. शिळं हा शब्द पहिल्यांदा तिनेच उच्चारला, आणि त्यामुळे बोलणं सोपं झालं.

बीज म्हातारं होतं ते शरीरात. द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना त्याचं वय जागच्या जागी थांबतं. सव्विसाव्या वर्षी दिलेलं बीज चार वर्षांनी बाहेर काढलं तरी ते सव्विशीचंच. पूर्वीची भीती मात्र उगाच नव्हती. बीज ही माणसाच्या शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, आणि तिच्यात पाणी फार. सावकाश गोठवलं की आत बर्फाचे स्फटिक व्हायचे आणि तिची रचना मोडायची. जपानच्या मासाशिगे कुवायामांसारख्या संशोधकांनी झटक्यात गोठवण्याची पद्धत बसवली. एका बारीक पट्टीवर इवल्याशा थेंबात बीज ठेवायचं आणि थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचं. पाण्याला बर्फ व्हायला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं घट्ट होतं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननवैद्यकांच्या संघटनेने बीज गोठवण्यावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढून टाकला.

"म्हणजे दोन्ही सारखंच?" तिने विचारलं.

अगदी सारखं नाही. गोठवलेल्या बीजांपैकी दहातली एक-दोन तरी वितळवताना जातात. अमेरिकेतल्या २०१३ च्या आकडेवारीत ताज्या डोनर बीजांवर उपचार सुरू केलेल्या शंभरातल्या सुमारे ५० जणींना मूल झालं, गोठवलेल्यांवर सुमारे ४३ जणींना. उलट २०१० मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात सहाशेच्या आसपास बायकांवर झालेल्या चाचणीत दखल घ्यावी असा फरक आढळला नव्हता. मी यातून इतकंच घेते की प्रयोगशाळेतल्या माणसाचा हात महत्त्वाचा. त्यामुळे क्लिनिकला विचारायचं ते हे: तुमच्याकडे वितळवल्यावर शंभरातली किती बीजं जगतात? आणि टेस्ट पॉझिटिव्ह किती हे सांगू नका, बाळ घेऊन किती जणी घरी गेल्या ते सांगा.

तोवर तिचा नवरा गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, आमचे पासपोर्ट भारतीय आहेत."

हे मला आधीच सुचायला हवं होतं. ताज्या बीजांचा हिशेब असा, की डोनरची पाळी आणि हिची पाळी गोळ्यांनी जुळवून आणायची. तिकडे डोनरला दहा-बारा दिवस इंजेक्शनं, इकडे हिला इस्ट्रोजेन आणि गर्भाशयाच्या अस्तराची सोनोग्राफी. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण ३६ तासांनी बीजं काढायची, त्याच दिवशी नवऱ्याचा नमुना हवा, आणि पाचव्या दिवशी ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण हिच्या गर्भाशयात सोडायचा. यात डोनरचा प्रतिसाद मंद असला की तारीख दोन-तीन दिवस सरकते, कधी डोनरच माघार घेते. क्लिनिकसाठी दोन-तीन दिवस म्हणजे काही नाही. स्पेनला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसावर छापलेल्या तारखा मात्र कुणासाठी सरकत नाहीत. शिवाय ऑफिसात सुट्टीचं कारण काय सांगायचं, हे वेगळंच.

गोठवलेल्यांत तारीख आपल्या हातात असते, संख्या नसते. सहा किंवा आठ बीजांचा ठरलेला संच मिळतो, तेवढ्यात भागवायचं. ताज्यांत संख्या जास्त मिळू शकते, म्हणजे उरलेले भ्रूण दुसऱ्या मुलासाठी ठेवता येतात. एक मधली वाटही आहे, ती लोकांना कुणी फारशी सांगत नाही: नवऱ्याचा नमुना आधीच तिथे गोठवून ठेवायचा, डोनरची ताजी बीजं फलित करायची, भ्रूण गोठवायचे आणि आपण सवडीने जायचं. तिला ती आवडली. पण खर्च जास्त होता, आणि सावळी, काळ्या केसांची डोनर क्लिनिककडे त्या वेळी होती ती गोठवलेल्या बीजांच्या बँकेतच. शेवटी त्यावरच ठरलं. आठ बीजं, गोठवलेली.

एक गोष्ट तक्त्यात कुठेच नव्हती, म्हणून मी काढली. स्पेनमध्ये २००६ च्या कायद्याने डोनर निनावी राहते. ब्रिटनमध्ये एप्रिल २००५ पासून नोंदलेल्या डोनरची ओळख मूल अठरा वर्षांचं झाल्यावर मागू शकतं. यांचं मूल ब्रिटनमध्येच वाढणार, त्याच्या वर्गात कदाचित असं मूल असेल ज्याला हा हक्क आहे आणि याला नाही. शिवाय घरबसल्या होणाऱ्या डीएनए चाचण्यांपुढे निनावीपण किती टिकेल, याची हमी कुठलंच क्लिनिक देऊ शकत नाही. तो म्हणाला, "आपण सांगूच ना, लहानपणापासून." ती काही बोलली नाही. त्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो. पुढची दोन सत्रं निव्वळ यावर गेली आणि त्यांत बीज ताजं की गोठवलेलं हा विषय निघालाच नाही.

आठातली सात बीजं जगली, पाच फलित झाली, पाचव्या दिवशी दोन भ्रूण उरले. पहिला रुजला नाही.

त्यानंतरच्या कॉलवर तिने विचारलं, "ताजी घेतली असती तर?" तर भ्रूण कदाचित जास्त मिळाले असते, मी म्हटलं. पहिला रुजलाच असता असं मात्र मला म्हणता येणार नाही. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग तक्ता उघडला आणि व्हिसाच्या अपॉइंटमेंटच्या तारखा बघायला लागली. दुसरा भ्रूण तिकडे आहे, उणे १९६ ला. त्याला घाई नाही.