सुरक्षा ॲपने कळवलेल्या लोकेशनवर किती विसंबावे?

रात्री उशिरा कामावरून एकटीने परतताना फोनमधले सुरक्षा ॲप खरोखर उपयोगी पडते का, आणि त्याने कळवलेले ठिकाण किती अचूक असते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते उपयोगी पडते. मात्र ॲप केवळ निरोप पोहोचवते, आणि तो मिळालेल्या माणसाने पुढे काय करायचे हे आधीच ठरलेले नसेल, तर अचूक निरोपाचाही फारसा उपयोग होत नाही.

आधी अचूकतेविषयी. आपले स्थान काढण्यासाठी फोनला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात, आणि मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक स्थान दाखवतो. उंच इमारतींमधल्या रस्त्यावर मात्र हे संकेत भिंतींवर आपटून वळसा घेत फोनपर्यंत येतात, त्या वळशामुळे वाढलेले अंतर फोन खरे मानतो, आणि नकाशावरचा ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. तळघरात किंवा भुयारी मार्गात उपग्रहांचा संकेत जवळजवळ पोहोचतच नाही. तेथे फोन आसपासच्या वाय-फायवरून, नाहीतर मोबाईल टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि केवळ टॉवरवरचा अंदाज शेकडो मीटरने चुकू शकतो. शिवाय अक्षांश-रेखांशांत मजला नसतो. वीस मजली इमारतीत तळमजला आणि गच्ची एकाच ठिपक्यावर दिसतात.

तळघरातल्या वाहनतळावर मी एकदा चाचणी म्हणून ॲपचे बटण दाबले होते. बहिणीच्या फोनवर ठिपका रस्त्यापलीकडच्या इमारतीवर दिसला, आणि त्याखालची वेळ आठ मिनिटांपूर्वीची होती, म्हणजे तिला दिसत होते ते मी आत शिरण्यापूर्वीचे शेवटचे स्थान. त्याहून मोठी चूक आम्हा दोघांची होती. तिने घाबरून लगेच मलाच फोन लावला. खऱ्या संकटात लपून बसलेल्या माणसाचा फोन खणखणला तर काय होईल, याचा विचार आम्ही केलाच नव्हता. आता आमचे ठरलेले आहे: आधी ठिपक्याखालची वेळ पाहायची, मला फोन न करता थेट आपत्कालीन क्रमांकावर कळवायचे, आणि इमारतीचे नाव व मजला मी निघतानाच संदेशात लिहून ठेवायचा.

सेटिंग्जकडेही लक्ष द्यावे लागते. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असेल, तर फोन पार्श्वभूमीत चालणारे ॲप परस्पर थांबवू शकतो, म्हणून या एका ॲपला त्यातून वगळावे. आयओएस १४ (२०२०) आणि अँड्रॉइड १२ (२०२१) पासून ॲपला अचूक स्थानाऐवजी ढोबळ स्थान देण्याचा पर्याय आला आहे. एरवी तो चांगला असला, तरी येथे अचूक स्थानाचीच परवानगी हवी. इंटरनेट नसताना अक्षांश-रेखांश साध्या एसएमएसने पाठवणारे ॲप निवडावे.

एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या देशांत ॲडव्हान्स्ड मोबाईल लोकेशन ही व्यवस्था लागू आहे, तेथे आपत्कालीन क्रमांक लावताच फोन स्वतःहून आपले स्थान नियंत्रण कक्षाला कळवतो. त्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही. ही व्यवस्था २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. आपल्याकडे ती आहे का, हे पाहून मगच ॲप निवडावे.

‘असुरक्षित भाग’ लाल रंगात दाखवणाऱ्या नकाशांवर माझा विश्वास कमी आहे. ते वापरणाऱ्यांच्या नोंदींवर बनतात. जेथे नोंद करणारे जास्त तेथे लाल खुणा जास्त, आणि जेथून कोणीच नोंद केली नाही तो निर्जन रस्ता स्वच्छ दिसतो. त्यापेक्षा दिवे कोठे आहेत आणि रात्री कोणती दुकाने उघडी असतात, हे स्वतः पाहिलेले बरे.

शेवटी, हीच सोय पाळत ठेवण्यासाठीही वापरता येते. जोडीदार किंवा नातेवाईक ‘तुझ्याच काळजीपोटी’ चोवीस तास स्थान मागत असतील, तर आपण स्पष्ट नकार देऊ शकता. प्रवासापुरते, तासाभरासाठी एकाच विश्वासू व्यक्तीला स्थान दिसू द्यावे, आणि घरी पोहोचल्यावर ते बंद झाले आहे ना, हे एकदा उघडून पाहावे. काही ॲपमध्ये ते आपोआप बंद होत नाही.