शून्यं पुष्कळ आहेत, एवढ्यावरून झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल लावू नका

खाडीच्या चिखलात चौकटी टाकून तुम्ही फिडलर खेकडे मोजलेत. निम्म्याहून जास्त चौकटी रिकाम्या, दोन-चार मात्र खच्चून भरलेल्या. आता तुमचा प्रश्न असा, की प्रत्येक आकड्यात १ मिळवून लॉग घ्यायचा की झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल (नेहमीच्या मोजणीतल्या शून्यांखेरीज 'जादा' शून्यं वेगळ्या वाटेने येतात असं मानणारं) लावायचं?

आधी साधं निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे दाटीने येणाऱ्या गोष्टींच्या मोजणीसाठीचं वितरण, लावून बघा.

लॉग घेतला तरी शून्यांचा ढीग ढीगच राहतो. शिवाय १ ऐवजी ०.५ मिळवलं तर उत्तर बदलतं, आणि १ च का याला जीवशास्त्रात काही आधार नाही.

मोजणीसाठीचं सगळ्यात साधं वितरण म्हणजे पॉयसाँ. ते मानतं की खेकडे कसेही विखुरलेले आहेत. चौकटीमागे सरासरी २ खेकडे असतील तर त्याच्या हिशेबाने १३.५ टक्के चौकटी रिकाम्या निघतील. पण खेकडे वस्ती करून राहतात. निगेटिव्ह बायनॉमियलमध्ये व्हेरिअन्स (आकड्यांचा पसारा) म्हणजे सरासरी अधिक सरासरीचा वर्ग भागिले 'के'. के जितका लहान तितकी दाटी जास्त. सरासरी २ च ठेवून के ०.३ धरा: ५४ टक्के चौकटी रिकाम्या! 'जादा' शून्य एकही न घालता.

मी पूर्वी थेट झिरो-इन्फ्लेटेड निगेटिव्ह बायनॉमियल लावलं होतं. जादा शून्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या भागाचा गुणांक भलामोठा उणे आला, स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) हजारांत. कोडमध्ये चूक असेल म्हणून कितीतरी दिवस शोधत बसलो. चूक नव्हतीच, जादा शून्यं नाहीत, एवढंच ते मॉडेल सांगत होतं.

झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल लावायचं तर शून्य दोन वाटांनी येतंय हे तुम्हाला जागेवरून माहीत हवं. कातळावर पडलेल्या चौकटीत बीळ होणारच नाही, तिथलं शून्य वेगळं. चिखल चांगला होता पण तुमच्या पावलांच्या चाहुलीने खेकडे बिळात गेले, ते शून्य त्याहून वेगळं, आणि एकदाच मोजलेल्या आकड्यांवरून ते कुठलंही वितरण ओळखू शकत नाही. त्यासाठी त्याच चौकटी पुन्हा पुन्हा मोजाव्या लागतात. रॉयल यांचं २००४ चं एन-मिक्श्चर मॉडेल तशाच मोजणीसाठी आहे. ओहोटीची वेळ नोंदवली असेल तर ती आधी मॉडेलमध्ये घाला, बरीच शून्यं तिथेच उलगडतील.

चौकटी लहान-मोठ्या असतील तर भागाकार करून घनता काढू नका, क्षेत्रफळाचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे गुणांक १ च ठेवून, मॉडेलमध्ये द्या. आणि खेकडे मोजण्याऐवजी त्यांचं वजन केलं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून ट्वीडी बघा, त्या वितरणात शून्यं आणि अपूर्णांकातली वजनं दोन्ही बसतात. वजनासारख्या आकड्यांसाठी नेहमी वापरतात त्या गॅमा वितरणाला शून्य चालत नाही.